ठमीची वाटी

पासवर्ड लांबलचक असावा, कुणाला सुचू नये आणि आपण मरेपर्यंत विसरू नये, असं ऑफिसातल्या तज्ज्ञानं बजावलं, तेव्हा जावईबापूंना एकच वाक्य सुचलं. आता दोन्ही हात प्लास्टरमध्ये होते. पळून गेलेल्या ठमी मांजरीसाठी सासूबाई अजूनही दारात दुधाची वाटी ठेवत. त्याच वाटीवरून ते घसरले होते. तासाभरात फाईल साहेबांकडे गेली नाही, तर नोकरी जाणार होती. शेजारी सासूबाई वाटी पुसत होत्या. बायको लॅपटॉप उघडून म्हणाली, “अहो, पासवर्डच सांगायचाय, बाळंत नाही व्हायचंय.” जावईबापूंना प्लास्टरच्या आत खाज सुटली. ते पुटपुटले, “ठमी पळाली नाही, मीच गोणीत घालून सोडली.” बायकोनं शांतपणे टाईप केलं. ठमीचं नाव तेवढं कानावर पडून सासूबाईंचं वाटीवरचं फडकं थांबलं. “चुकीचा म्हणतोय,” बायको म्हणाली. “पुन्हा सांगा, जरा मोठ्यानं. आईला कमी ऐकू येतं.”