झिजलेल्या दाढा

प्लॅस्टरचा जबडा साच्यातून सुटून हातात आला आणि तिने सवयीने आधी दाढा पाहिल्या. दाढा कसल्या, घासून सपाट केलेल्या फरशाच होत्या. सुळ्यांची टोकं तर पार गेली होती.

"हा माणूस रात्री झोपतो की दगड फोडतो?" शेजारच्या टेबलावरचा सहकारी मान लांब करून म्हणाला.

तिला हसू आलं. दातांच्या त्या प्रयोगशाळेत ती एकोणीस वर्षं कॅपा आणि कवळ्या घडवत होती. माणसं तिला कधी दिसत नसत, त्यांचे दात तेवढे दिसत. सोबतच्या चिठ्ठीवरही नाव नव्हतं, नुसता नंबर. खाली डॉक्टरांच्या किरट्या अक्षरात लिहिलं होतं : झोपेत दात खातात. वरच्या जबड्यासाठी नाइट गार्ड, जाड.

तिने जबडा दिव्याखाली फिरवला. पुढच्या एका दाताचा कोपरा उडालेला होता. डावीकडच्या दाढेवर कॅप होती. ती कॅप तिने ओळखली. आपल्या हातचं काम कोण विसरतं? आणि तो उडालेला कोपरा? लिफ्ट दुरुस्त करताना स्क्रू दातांत धरायची सवय असलेल्या माणसाचा तो दात होता. तिच्या सासऱ्यांचा.

तिने चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली.

तिचा नवरा अपघातात गेला त्याला सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून घरात दोघंच, ती आणि बाबा. रोज संध्याकाळी ती विचारायची, "बाबा, कसं काय?" ते म्हणायचे, "मजेत." सकाळी ते कानशिलं चोळत बसत, चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणत. भाजी जरा मऊ शिजव, म्हणत. वय झालं, असं तिने धरून चाललं होतं. दोघांच्या खोल्या घराच्या दोन टोकांना. रात्रीचं तिला काय कळणार?

तिने डॉक्टरांना फोन लावला.

"घ्या! तुम्हाला सांगायचं नाही असं त्यांनी मला बजावलं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "पण जबडा तुमच्याच टेबलावर येणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"यावर उपाय काय, डॉक्टर?"

"गार्ड घातलं की निदान दात वाचतील. जबड्याचे व्यायाम शिकवलेत, संध्याकाळचा चहा बंद करायला सांगितलाय. अगदीच नाही जमलं तर स्नायूत इंजेक्शन देता येतं, पण त्याचा असर तीन-चार महिनेच. आणि यातलं काहीच मुळाशी जात नाही. झीज पाच-सहा वर्षांची दिसतेय. गेल्या महिन्यात मात्र फारच वाढलीय. मनावर कसला ताण आहे का, विचारलं मी. मजेत आहे म्हणाले."

फोन ठेवून ती हिशेब लावत बसली. सहा वर्षं म्हणजे त्यांचा मुलगा गेल्यापासून. आणि गेल्या महिन्यात ते पत्र आलं होतं. दुसऱ्या शहरातल्या एका दंत महाविद्यालयाने तिला शिकवायला बोलावलं होतं. एकोणीस वर्षं मान मोडून केलेल्या कामाची कुणीतरी दखल घेतली होती. पण राहायला वसतिगृहातली एकच खोली मिळणार होती. बाबांना तिथे नेता येणार नव्हतं, आणि या वयात त्यांना एकटं टाकून जायचं तिच्या मनालाही शिवलं नाही. पत्र त्यांनी वाचलं होतं. "बघू," म्हणून तिने ते घडी करून ठेवलं होतं. शनिवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

बघू! त्या एका शब्दाने म्हाताऱ्याच्या जिवाला घोर लावला होता तर. आपण गेलो तर यांचं कोण, याच भीतीने ते रात्र रात्र दात खात होते. तिला स्वतःचाच राग आला. काम तसंच टाकून ती भर दुपारी घरी निघाली.

बाबा बाल्कनीत वाळलेले कपडे काढत होते. "इतक्या लवकर?" त्यांनी विचारलं.

"तुमचे दात आले होते माझ्याकडे."

त्यांचा हात दोरीवरच थांबला. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला.

"बाबा, मी कुठेही जाणार नाहीये," ती एका दमात म्हणाली. "आजच नकार कळवते. तुम्ही आता निर्धास्त झोपा."

त्यांनी हातातला टॉवेल सावकाश घडी करून खुर्चीवर ठेवला. गालाखालचा स्नायू एकदा घट्ट झाला, मग सैल पडला.

"माझा मुलगा गेला तेव्हा तू तेहतीस वर्षांची होतीस," ते म्हणाले. "तेव्हाच सांगायला हवं होतं. पण म्हातारा आपल्याला घालवून देतोय असं तुला वाटेल, म्हणून मूग गिळून बसलो."

"काय सांगायला हवं होतं?"

"पोरी, तू जाशील म्हणून नाही गं मी दात खात," ते म्हणाले. "तू जात नाहीस म्हणून खातो."