झाडाचं काम

मुलांनो, डोळ्यांपुढे आणा. साल एक्क्याण्णव, काशीगावातली एक खोली आणि दारात पोस्टमनची वाट बघत बसलेले धम्मपाल. भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात त्यांना स्टोअरकीपरची नोकरी मिळत होती, ती त्यांनी नाकारली होती.

"बँकेच्या प्रतीक्षा यादीत माझा दुसरा नंबर आहे. आज ना उद्या बोलावतीलच."

"मग उद्याच्या पगारावर आज भाकऱ्या थापू का?" त्यांची बायको पंचशीला म्हणाली.

वर्षाने यादीची मुदत संपली. बँकेने फक्त पहिल्या नंबरवाल्याला बोलावलं होतं. कारखान्यातल्या खुर्चीवर तोवर शेजारचा हितेश बसला होता. माझ्या वर्गात चौथीत शिकणारी त्यांची मुलगी स्नेहल हे सगळं बघत होती.

पुढच्याच महिन्यात मी वर्गात नाटकातली कामं वाटायला घेतली. "झाड कोण होणार?" असं विचारताच स्नेहलचा हात वर गेला. झाडाला अख्ख्या नाटकात एकही वाक्य नव्हतं.

"अगं, थांब जरा. राणीसाठी माझ्या मनात तुझंच नाव आहे."



तिने हात खाली घेतला नाही.