पाहण्यासारखी विहीर

"काकी, घागर जरा डावीकडे घ्या ना. फोटोत तुमचा चेहरा काळा येतोय," ऋतुराज म्हणाला.

इतर कोणत्याही रविवारी बिट्रिसने घागर मुकाट्याने डावीकडे घेतली असती. आज ती जागची हलली नाही. आज तिच्यामागे उभी असलेली नवरी खरी होती. तिची नात, जोॲन. उद्या जोॲनचं लग्न होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जायचं, उंबराचं पाणी आणायचं आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालायचं, ही बाळकुमच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांची रीत गावाइतकीच जुनी. गाव आता उरलं नव्हतं. वाडीच्या जागी उंच इमारतींचं संकुल उभं राहिलं होतं. बिट्रिसच्या सासऱ्याने खणलेली विहीर तेवढी संकुलाच्या बागेत शिल्लक होती. तिच्यावर लोखंडी जाळी होती, जाळीला कुलूप होतं आणि शेजारी जमिनीत बसवलेली 'ग्रामीण वारसा' अशी संगमरवरी पाटी होती. वारसदारांना आत यायचं तर फाटकावर नाव सांगावं लागे.

ऋतुराज 'एका दिवसात ठाणे' नावाची सहल चालवत असे. सकाळी मासुंदा तलाव, मग मिसळ, मग कौपिनेश्वराचं दर्शन. दुपारी बाळकुमची विहीर. विहिरीनंतर गरम फुग्या, म्हणजे तळलेले गोल पाव, आणि बाटली मसाल्यातली कोंबडी. पाहुण्यांत त्राण उरलंच, तर उपवनचा सूर्यास्त. विहिरीवर त्यांना उंबराचं पाणी दाखवलं जाई. त्यासाठी डोंबिवलीहून ऐश्वर्या नावाची मुलगी लुगडं नेसून नवरी व्हायला येई. पाणी विहिरीतलं नसे. झुडपाआड ठेवलेल्या निळ्या पिंपातलं असे, आणि पिंपात टँकरचं. नवरीच्या आजीचं काम बिट्रिसकडे होतं. संकुलाच्या वारसा समितीच्या अध्यक्ष दर्शना मॅडम यांनी तिला शब्द दिला होता, की तुम्ही दर रविवारी या, तुमच्या नातीच्या वेळी आम्ही जाळी उघडू. त्या एका शब्दावर बिट्रिस वर्षभर परक्या नवरीसाठी रडली होती.

बँड वाजत होता. नात्यातल्या बायका नाचून घामाघूम झाल्या होत्या. सहलीचे पाहुणे मोबाइल उंचावून अर्धवर्तुळात उभे होते.

"मॅडम, चावी," बिट्रिस म्हणाली.

दर्शना मॅडम मनाने वाईट नव्हत्या. लोकपरंपरांवरची पुस्तकं त्या आवडीने वाचत आणि बिट्रिसचा उल्लेख चारचौघांत 'आमचा जिवंत ठेवा' असा करत. ठेव्याने तोंड उघडून काही मागितलं, की मात्र त्या अवघडत.

"काकी, इन्शुरन्सचा प्रश्न येतो हो. एवढी गर्दी, कुणी आत पडलं तर जबाबदार कोण? आजच्या दिवस पिंपातलंच घेऊ या. लोकांना कुठे फरक कळतोय?"

"आणि काकी," ऋतुराज मध्येच म्हणाला, "जोॲनला थोडं मागे घ्या ना, प्लीज. तिचं लुगडं एकदम फिकट दिसतंय. ऐश्वर्याला पुढे येऊ दे, तिचं मस्त उठतं."

ते फिकट लुगडं बिट्रिसच्या लग्नातलं होतं. ऐश्वर्या ओशाळून एका झाडाआड सरकली. जोॲन आजीच्या कानाशी लागली. "जाऊ दे ना गं आजी. पाणी ते पाणी." पण हे म्हणताना ती जाळीतून खाली, काळ्याभोर पाण्याकडे पाहत होती.

बिट्रिसने घागर पाटीवरच ठेवली. बँडवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि वाजवणं थांबवलं.

"फरक कळत नाय ना? मग उद्या चर्चमध्ये पण हिलाच उभी करते." तिने झाडाआडच्या ऐश्वर्याकडे बोट दाखवलं. "नवरदेवाला तरी कळतो का बघू! आणि मॅडम, तुमच्या घरात कधी मयत झालं तर मला बोलवा. मी येईन रडायला. मला आता कुणासाठी पण रडता येतं. माझ्या पोरीसाठी येईल की नाय, तेवढं मात्र ठाऊक नाय."

एवढं बोलून ती विहिरीच्या कठड्यावर बसली आणि पदरात तोंड घालून हमसाहमशी रडू लागली. जोॲनने तिला मिठी मारली. इतक्या रविवारांत तिला असं रडताना कुणी पाहिलं नव्हतं. नाचून दमलेल्या बायकाही डोळे पुसू लागल्या.

आपण या बाईला काय करायला लावलं, हे जणू दर्शना मॅडमना त्या क्षणीच दिसलं. त्यांनी पर्समधून चावी काढली, जाळीपाशी वाकून ती कुलपात घातली.

तेवढ्यात टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अप्रतिम!" नौपाड्याहून आलेले एक गृहस्थ भारावून म्हणाले. "दिवाळीत आलेलो तेव्हा हे नव्हतं हो!" कुणीतरी शिट्टी वाजवली. एका बाईंनी हात वर करून विचारलं, "ते चर्चचं वाक्य पुन्हा घेतील का? माझा व्हिडिओ उशिरा सुरू झाला."

दर्शना मॅडमचा हात कुलपावर थांबला. ऋतुराज लगबगीने त्यांच्याजवळ गेला आणि हळू आवाजात, अगदी कामाच्या काळजीने म्हणाला,

"मॅडम, जाळी उघडू नका हं. उघडली, तर पुढच्या रविवारी काकी रडणार कशासाठी?"