वाघाची मान

"पयला नियम," दिनेशने वही उघडली. "ज्याले डाग द्याचा, त्यानंच तो आपल्या हातानं कोरून आणाचा."

"आणला," नाहीद म्हणाली आणि लाकडी मुठीचा रबरी शिक्का तिने टेबलावर ठेवला.

विनोदने टाळ्या पिटल्या. आठवडाभर माजरीच्या खाणीत साहेबांची बोलणी खाणारा हा गडी रविवारी दुपारी चंद्रपुरात उतरला की भस्मराजा व्हायचा. जहीरच्या शिक्क्यांच्या दुकानामागे, एका खोलीत, दोन वर्षांपासून त्यांचा खेळ चालला होता. फासे, कागदावर लिहिलेली पात्रं, भिंतीवर नकाशा आणि दिनेश सांगेल ते जग. त्या जगात गुलाम होते आणि गुलामांना डाग द्यायची रीत होती. रीत विनोदनेच हौसेनं रचली होती, नियम क्रमवार लिहून दिनेशच्या वहीत डकवले होते.

गेल्या रविवारी भस्मराजाने जंगल जिंकलं आणि रानवाल्यांची सरदारीण सिरी चार साथीदारांसकट पकडली. सिरी म्हणजे नाहीद, आणि साथीदार म्हणजे खेळणारे बाकीचे चौघे. डाग बसलेल्या पात्राला पुन्हा तोंड उघडता येत नसे. मालक त्याचा कागद सगळ्यांदेखत फाडायचा, आणि दोन वर्षं सांभाळलेलं पात्र तिथेच संपायचं.

नाहीदचे अब्बा, जहीर, चहाचे ग्लास घेऊन दारात उभे होते. खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. एवढंच ठाऊक होतं, की दुकानात गिऱ्हाइकाशीही मान खाली घालून बोलणारी आपली पोर या खोलीत सिरी होऊन गरजते. तो आवाज ऐकायलाच ते दर रविवारी स्वतः चहा करत. आज तो आवाज बंद पडणार, हे पोरांच्या बोलण्यातून कानावर आलं होतं, आणि त्यांना फार वाईट वाटत होतं.

"झेंडा पाहा चाचा, झेंडा!" विनोदने भिंतीकडे बोट दाखवलं. लाल कापडावर काळा वाघ, तोंड डावीकडे. "अगोदर हा वाघ या रानवाल्यायचा होता. जंगल घेतलं तसा वाघ बी घेतला. अन् चिडवाले त्याची मान फिरवली!"

"लय शाना आहेस बाबू," जहीर म्हणाले आणि टेबलावर ग्लास ठेवता ठेवता सवयीने त्यांनी शिक्का उचलून पाहिला.

त्यांनी तो पुन्हा उजेडात धरून पाहिला.

रबरावरच्या वाघाचं तोंड डावीकडे होतं. झेंड्यावर होतं तसंच, जसंच्या तसं. नाहीदने सरळ कोरलं होतं! उलटं कोरावं तेव्हा सुलटं उमटतं, हे तिला अक्षरओळखीच्या आधी शिकवलेलं. मुलचेऱ्याच्या शाळेचा गोल शिक्का, सतरा अक्षरांचा, तिने एकटीने एका सकाळी बिनचूक कोरला होता. आणि आज, सगळ्यांसमोर, ही चूक? शिक्केवाल्याच्या पोरीने?

"बेटा," ते तिच्या कानाशी वाकले, "याच्यात थोडी गडबड झाली. दहा मिनिटं दे मले, दुसरा कोरून देतो."

"राहू द्या अब्बा. टाइम नाई."

"लोक हसतील नं."

"हसू द्या." तिने शिक्का त्यांच्या हातातून काढून घेतला. जहीर कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसले. पोरीचं मन ठिकाणावर नाही, हरणाऱ्या माणसाचा हात चालत नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

"दुसरा नियम," दिनेशने वाचलं. "डाग पयले मालकानं स्वतःच्या मनगटावर घ्याचा. आग मालकाले जाळत नाई, हे गुलामायले दिसलं पाह्यजे."

"तिसरा मी सांगतो," विनोद उठून उभा राहिला. "डाग देताना मालकानं डोळे मिटाचे. गुलामाच्या डोळ्यात पाह्यलं का दया येते."

त्याने डोळे मिटले. शिक्का शाईच्या पॅडवर दाबला, आपल्या मनगटावर ठोकला. नाहीदने लगेच त्यावर राखेने माखलेलं फडकं टाकलं. चौथा नियमच होता तो: सगळ्यांना डाग देऊन होईपर्यंत एकही उघडा ठेवायचा नाही. मग चौघे साथीदार एकेक करून पुढे आले. ठप्, ठप्, ठप्, ठप्. प्रत्येक वेळी फडकं.

शेवटी नाहीद. डाग घेण्याआधी आपलं नाव तीनदा उच्चारायचं होतं, अखेरचं.

"सिरी," ती म्हणाली. "सिरी." आणि तिसऱ्यांदा असं गरजली, की जहीरना डोळे पुसावे लागले. ठप्.

"उघडा!" विनोद ओरडला.

सहा मनगटं टेबलावर ओळीने आली. सहाही वाघ उजवीकडे पाहत होते.

विनोदला हसू आवरेना. "चाचा! तुमची पोरगी उलटं कोराचं विसरली! शिक्केवाल्याची पोरगी!"

चौघेही हसले. जहीरनी मान खाली घातली. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

दिनेश मात्र हसत नव्हता. त्याने झेंडा पाहिला, वही चाळली आणि शेवटचा नियम सावकाश वाचला. "अंगावर ज्याची खूण, माणूस त्याचा. उमटलेला डाग कोनालेच पुसता येत नाई."

"मंग?" विनोद म्हणाला.

दिनेशने त्याच्या मनगटावर बोट ठेवलं. "तुझ्या झेंड्यावरचा वाघ डावीकडं पाह्यते, राजा. हा उजवीकडं पाहणारा रानवाल्यायचा."

विनोदचं हसू थांबलं. जहीरनी मान वर केली. नाहीद त्यांच्याकडेच पाहत होती, आणि ती चूक केलेल्या पोरीची नजर नव्हती.

मग तिने विनोदसमोर हात पसरला.

"इनोदभाऊ, तुमचा कागद आणा. फाडाचा आहे."