पावाच्या कडा

"तुम्ही लेकीच्या हिंदू पद्धतीच्या लग्नात मांडवात उभं राहून कुंकू लावून घेतलंत. आता ईस्टरपर्यंत तुम्हाला प्रभुभोजन नाही," पाळकसाहेब म्हणाले. "नियम सगळ्यांना सारखा."

मी मान हलवली. पंचांपैकी शलमोनभाऊ मला चर्चच्या फाटकापर्यंत सोडायला आले. "वहिनी, रविवारचा पाव मात्र तुम्हीच करा हं. दुसऱ्या कुणाच्या हातचा तसा मऊ होत नाही."

मी केला. पीठ मळताना नेहमीची प्रार्थना म्हटली, पण आत काही हललं नाही.

रविवारी मागच्या बाकावर बसले. पाळकसाहेबांनी माझ्या पावाच्या ताटावर हात ठेवून आशीर्वाद मागितला. मग शलमोनभाऊ ताट घेऊन बाकाबाकाशी फिरले. माझ्यापाशी आल्यावर त्यांनी ते जरा उंच धरलं आणि पुढे गेले. शेजारीण छताकडे बघत चावत राहिली.

उपासना संपल्यावर शलमोनभाऊंनी माझा डबा परत दिला. प्रभुभोजनासाठी पावाचे चौकोनी तुकडे करतात, त्याआधी कडक कडा कापून टाकतात. त्या कडा दर वेळी माझ्या डब्यात येतात, कोंबड्यांना घालायला.

घरी लेक येऊन बसली होती. कपाळावर कुंकू होतं आणि डोळे सुजले होते. "आई, माझ्यामुळेच झालं ना हे?"

मी डबा उघडला. पदर डोक्यावर घेतला. एक कड मोडली आणि अर्धी तिच्या तळहातावर ठेवली.

"डोळे मीट," मी म्हटलं.