बाळंतिणीचं धुणं

“वाफेच्या खोलीतून पळून आली, तेव्हाच गारवा शिरला हिच्या अंगात,” तोमासाने डॉक्टरीणबाईंना ठणकावून सांगितले. “वीस वर्षं चुलीपाशी बसून आहे. आळशी मेली!”

तिच्या सुनेने, मिकाएलाने, दोन्ही घोंगड्या आवळून घेतल्या. वय बेचाळीस, पण दिसायची साठीची. भुवया झडलेल्या, चेहरा सुजलेला, आवाज घोगरा. बाळंतिणीला वाफेत शेकले की दूध उतरते, हे मोमोस्तेनांगो गावात कुणालाही विचारा. मिकाएलाला दूध उतरले नाही. लेक शेजारणीच्या दुधावर वाढली. तोमासा गावची सुईण, तिच्या शब्दाबाहेर कोण जाणार? बिचाऱ्या मिकाएलालाही आपण पळालो हेच खरे वाटे. तिला त्या दिवसाचे काहीच आठवत नव्हते.

डॉक्टर एल्विरांनी तपासणीचा कागद पाहिला. थायरॉइड मंद होते. गोळी लिहून झाली आणि त्या थांबल्या.

“पाळी कधी गेली?”

“लेक झाल्यावर आलीच नाही.”

“बाळंतपणात रक्त किती गेलं?”

“मला कुठली शुद्ध? सासूबाईंना विचारा.”

बाळंतिणीचे कपडे सुईणीनेच नदीवर धुवायचे, दुसऱ्या कुणी पाहायचेही नाहीत, अशी तिथली रीत.

“चारचौघींचं जातं तेवढंच,” तोमासा म्हणाली.

“नीट आठवा, आजी. फार रक्त गेलं तर मेंदूखालची ग्रंथी सुकते. दूध, पाळी, अंगातली ऊब, सगळं तिच्यावरच चालतं. तसं असेल तर आधी दुसरं औषध द्यायला हवं. नुसत्या या गोळीने सून हातची जाईल. खात्रीची तपासणी राजधानीहून यायला महिना लागतो, औषध आज ठरवायचंय.”

तोमासा आपल्या हातांकडे बघत बसली. अर्धे गाव त्या हातांवर जन्मले होते.

“नदीवर तीन खेपा झाल्या,” ती म्हणाली. “पाणी लाल व्हायचं थांबेना.”

डॉक्टरांनी चिठ्ठी फाडली आणि नवी लिहायला घेतली.

मिकाएला सासूकडे पाहत होती. “मग मी पळाले कशी?”

“तू कुठली पळतेस,” तोमासा म्हणाली. “निपचित पडली होतीस. मीच उचलून बाहेर आणलं तुला.”