बुडालेल्या देवीची ओटी

उजनी धरणात गाव बुडालं, तेव्हा देवीची मूर्ती काही जागची हलली नाही. ती देवळातच राहिली. तेव्हापासून दगडाबाई धरणाकडं पाठ करूनच बसत. हंड्यात नळाची धार पडली तरी त्यांच्या छातीत धस्स होई. देवीची ओटी पुन्हा भरेपर्यंत मंगळवार धरायचे, हा नेम मात्र पंचेचाळीस वर्षं चुकला नाही.

यंदा धरण आटलं, देऊळ उघडं पडलं. नातू युवराज त्यांना घेऊन गेला.

"आजी, पावली बघ तुझी आई! आपल्याकडं मातर टँकरबी येईना, निम्मी जनावरं इकली."

दगडाबाईंनी पदरानं चिखल पुसला, ओटी भरली आणि मूर्तीच्या पायांवर डोकं ठेवलं.

"भेटलीस, लई झालं. आता परत बुड गं, आई."